बांधावरून या

गेली सव्वीस वर्षं मी एका खड्ड्यात बसून पोट भरते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, वर झाकण असलेला तो खड्डा पॅरिसच्या प्रत्येक नाटकवाल्याला माहीत आहे. आत एक स्टूल, एक दिवा, नाटकाची वही आणि मी. नटाला पुढचं वाक्य आठवलं नाही की तो माझ्याकडे बघतो, आणि मी ते अशा बेतानं सांगते की त्या एकट्यालाच ऐकू जावं. पहिल्या रांगेतल्या बाईला जरी ऐकू गेलं तरी मी नालायक. माझं नाव झेली पिजार आणि मी नालायक नाही.

आमच्या धंद्याचे नियम दोनच. नट बघेपर्यंत गप्प बसायचं, आणि पदरचा शब्द घालायचा नाही. लेखकानं गाढवासारखं लिहिलं असेल तर गाढवासारखंच सांगायचं. हा दुसरा नियम मी कधी मोडला नाही. आणि जे नाटक ऐकताना तो मोडावासा वाटायचा, नेमकं तेच माझ्या वाट्याला सगळ्यांत जास्त आलं.

त्या नाटकाचं नाव ‘मिठाची साय’. मुळात ती कादंबरी. गेरांदच्या मिठागरांत वाढलेल्या मादाम यूजेनी केर्लाझ या बाईंनी १८९७ साली लिहिलेली. प्रेमकथाच, उगाच मोठेपणा कशाला द्या. मिठागरात राबणारी रोझेन आणि जकातनाक्यावरचा अंमलदार एतिएन. तो तिला वचन देतो, बदलीवर जातो आणि नऊ वर्षं त्याचा पत्ता नसतो. मग ऑगस्टातल्या एका उतरत्या दुपारी तो वाफ्याच्या पलीकडे येऊन उभा राहतो आणि हाक मारतो. ती वेळ साय धरण्याची. ऊन आणि वारा नीट जमले तर त्या वेळी वाफ्यातल्या पाण्यावर मिठाची पातळ पांढरी साय येते. ती बायकांनी लांब दांड्याच्या सपाट फळीनं अलगद ओढून घ्यायची. उशीर केला तर ती बुडते आणि दिवस हातचा जातो. रोझेन त्याच्याकडे बघते आणि म्हणते, “बांधावरून या. लांब पडेल, पण बांधावरूनच या.” आणि पुन्हा साय ओढायला लागते. कादंबरी तिथं संपते. तो येतो की नाही, हे बाईंनी सांगितलेलं नाही.

मी ती कादंबरी वाचली तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. नाटकाच्या कपडेपटात शिवणकाम करत होते आणि माझा नवरा मला सोडून लिओंला एका टोपीवालीकडे राहायला गेला होता. चार वर्षांनी स्वारी परत आली. इमारतीच्या चौकात उभा राहून ओरडला, “झेली, खाली ये!” मी पाचव्या मजल्याच्या खिडकीत होते. खाली धावत जायला पाय शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू? पण रोझेन डोक्यात बसलेली. मी म्हटलं, “जिना तुला माहीत आहे. वर ये.” त्यानं वर बघितलं, जरा वेळ टोपी हातात फिरवली आणि निघून गेला. मी खिडकी लावली आणि मटार सोलायला बसले. रडलेसुद्धा. पण त्या दिवसापासून माझी मान कुणापुढं खाली गेली नाही, आणि हे उपकार त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाचे.

त्याच पानाचा नाटककार देल्मोत यांनी गळा घोटला. ते आता हयात नाहीत, म्हणून कमी बोलते. त्यांच्या नाटकात रोझेन हातातली फळी फेकून देते, “एतिएन, आले रे, धावत आले!” असं ओरडते आणि वाफ्यातून सरळ धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते. वाफा म्हणजे काय, तर निळ्या रंगाच्या लाकडी फळ्या. पडदा पडायचा, बायका रुमाल पिळायच्या. अकराशे प्रयोग झाले. त्यातल्या निम्म्या रात्री तरी ते ‘धावत आले’ नटीला माझ्याच तोंडून मिळालं असेल. दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि दर वेळी मी ते सांगितलं.

१९३२ च्या उन्हाळ्यात त्याचा बोलपट करायचं ठरलं. रोझेन होती सोलांज व्हेर्दिए. शेवटची दोन वर्षं रंगमंचावर तीच हे काम करत होती. वय सव्वीस, डोळे असे की माणसानं सगळं माफ करावं, आणि स्मरणशक्ती म्हणजे चाळणी. तिनं कंपनीला बजावलं, “झेली बरोबर असेल तरच मी येईन.” म्हणून ट्रंक भरून मी गेरांदला गेले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खड्ड्याबाहेर काम करायला.

पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. सोलांज अडली, तिनं माझ्याकडे बघितलं, मी सवयीनं वाक्य दिलं. त्याबरोबर बांधावर उभ्या असलेल्या आवाजाच्या गाडीचं दार धाडकन उघडलं आणि कानावर यंत्र चढवलेला माणूस बाहेर आला.

“कोण बोललं? कोण कुजबुजलं?”

“मी,” म्हटलं. “हळू बोलले.”

“हळू? बाई, हा मायक्रोफोन आहे! याला तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतो! थेटरात तुमचा आवाज तोफेसारखा वाजेल!”

दिग्दर्शक मस्यो बार्ताल तसे सभ्य गृहस्थ, पण फिल्म फुकट गेली की त्यांचे कान लाल व्हायचे. त्यांनी फर्मान काढलं. कॅमेरा बंद असताना झेलीनं सोलांजला हवं तेवढं घोकून घ्यावं, पण कॅमेरा सुरू झाला की झेलीनं मिठाच्या ढिगामागं बसायचं आणि तोंड मिटायचं. मी मान डोलावली. चूक माझीच होती. आयुष्यभर जे काम नेमकं केलं, ते इथं गुन्हा ठरत होतं, हे मात्र मला लागलं.

त्या ढिगामागून मला रोज एक बाई दिसायची. काळे कपडे, काळी छत्री, पाठ ताठ. सकाळी ती गावातून स्वतः स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आणायची, बांधावर मांडायची आणि संध्याकाळपर्यंत बसायची. वय त्र्याहत्तर. मी ओळखलं, पण पुढं व्हायचं धाडस होईना. त्या मादाम केर्लाझ होत्या.

त्यांचं आणि बार्तालांचं रोज एकच बोलणं व्हायचं.

“सुप्रभात, मस्यो. शेवट बदललात का?”

“मादाम, किती वेळा सांगू? आम्ही चित्रपट नाटकावरून करतोय. तुम्ही देल्मोतसाहेबांना नाटक आणि त्यातून निघणारं सगळं लिहून दिलंय. कागदावर तुमची सही आहे.”

“आहे ना. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा सिनेमा बोलत नव्हता, आणि मीही.”

“लोकांना शेवटी मिठी लागते, मादाम.”

“लोकांनी मिठी घरी मारावी. मी उद्या येते.”

आणि त्या यायच्या. एके दिवशी वाऱ्यानं छत्री उलटी झाली तरी जागच्या हलल्या नाहीत. कंपनीची माणसं हसायची, त्यांना ‘छत्रीवाली’ म्हणायची. मला हसू यायचं नाही. या वयात, उन्हात, जे हातातून कधीच गेलंय त्यासाठी रोज खुर्ची उचलून यायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

आठव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी पाव, लोणी आणि सार्डिन घेऊन त्यांच्याजवळ गेले. नाव सांगितलं, काम सांगितलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “म्हणजे ते तुम्ही! सव्वीस वर्षं माझ्या रोझेनला त्या फळ्यांवरून पळवणाऱ्या.”

कुणी फाडकन तोंडात मारावी तसं झालं. “मी फक्त वाक्य देते, मादाम.”

“तेच म्हणतेय. वाक्य कुणी दिलं? तुम्ही.”

मग मी त्यांना चौकातला नवरा सांगितला, पाचवा मजला सांगितला, जिना सांगितला. त्या सार्डिन खायच्या थांबल्या.

“आला का वर?”

“नाही.”

“मग काय केलंत?”

“मटार सोलले.”

त्या म्हणाल्या, “त्या पानामुळं मला पत्रं आली होती, बरं का. पस्तीस-चाळीस. सगळी बायकांची. नाटक आलं आणि पत्रं थांबली. सगळ्यांना वाटलं, रोझेन धावलीच. माझं नाव गेलं त्याचं मला काही नाही, झेलीबाई. पण ती धावली नव्हती. मी मरायच्या आत एकदा तरी लोकांनी तिला न धावताना बघावं, एवढंच मला पाहिजे.”

“मी काय करू शकते?”

“ती पोर तुमच्या तोंडाकडे बघून बोलते. तुम्ही जे द्याल ते बोलेल. माझं वाक्य द्या तिला.”

“नाही,” मी म्हटलं. “ते नाही जमायचं. पदरचा शब्द मी कधी घातलेला नाही.”

“तुमच्या पदरचा कुठं आहे? माझ्या पदरचा आहे.”

“माझ्या वहीत नाही, मादाम. वहीत नाही ते मी देत नाही. तुम्ही मला आवडता, तुमचं पुस्तक तर त्याहून आवडतं. पण मी चोरून काही करणार नाही. उद्या दुसरा कुणी म्हणेल, माझंही एक वाक्य घाल. मग नटानं कुणाच्या भरवशावर उभं राहायचं?”

मला वाटलं त्या रागावतील. पण त्यांनी पावाचा उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. “हट्टी आहात. बरंय. मीही आहे,” म्हणाल्या आणि छत्री उघडली.

शेवटचा प्रसंग शेवटच्या दिवशी घ्यायचा होता. दुसऱ्या दिवशी कंपनीचं सामान पॅरिसला जाणार होतं. वाफा पेरीन नावाच्या विधवा बाईचा होता, वय साठीच्या आसपास, पाय वाफ्यातल्या मातीच्याच रंगाचे. तिनं वाफा वापरायला दिला होता आणि शेजारपाजारच्या दहाबारा मिठागरवाल्या बायकांना गर्दीच्या दृश्यासाठी घेऊनही आली होती. प्रसंगात नेमकं काय होणार, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. कारण विचारायला पाहिजे, हेच आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. अकराशे वेळा झालेली गोष्ट, तिच्यात विचारायचं काय?

दुपारी चारला बार्तालांनी सोलांजला एका बांधावर उभं केलं, एतिएनचं काम करणाऱ्या नटाला समोरच्या बांधावर उभं केलं आणि हातानं हवेत सरळ रेघ ओढली. “इथून तिथं. सरळ. मागं वळून बघायचं नाही.”

“कोण निघालं कुठं?” पेरीननं विचारलं.

“रोझेन. एतिएनकडं.”

“वाफ्यातून?”

“अर्थातच.”

पेरीन आधी हसली. तिला ती थट्टा वाटली. मग सोलांज लाकडी बूट सावरून तयारीत उभी राहिलेली तिनं बघितली आणि तिचं हसू गेलं. ती तरातरा येऊन सोलांजच्या पुढ्यात उभी राहिली.

“ए पोरी, पाय मागं घे. आधी पाय मागं घे. हां. आता बोला, साहेब. या वाफ्याचा तळ माझ्या आजेसासऱ्यानं चोपलाय. दर वसंतात आम्ही तो अनवाणी पायांनी सारखा करतो. त्यावरून बूट घालून एक माणूस पळाला की चिखल वर येतो, मीठ काळं पडतं आणि पुढच्या वर्षापर्यंत वाफा मेला. इथं कुणी धावत नाही. आमची कुत्रीसुद्धा बांधावरून जातात.”

“बाई, पॅरिसला ही रोज रात्री धावायची.”

“तिथं फळ्या असतील.”

“आम्ही भरपाई देऊ.”

“वाफा मी विकायला काढलेला नाही.”

बार्तालांचे कान लाल व्हायला लागले. ते पेरीनला बाजूला करायला एक पाऊल पुढं आले, आणि तेवढ्यात त्या दहाबारा बायका आपापल्या फळ्या घेऊन बांधावर ओळीनं उभ्या राहिल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. एकीनं तर विणकाम काढलं. त्यांना तिथून हलवायचं तर पलटण आणावी लागली असती.

“ठीक आहे, ठीक आहे,” बार्ताल म्हणाले. “बांधावरून धाव. गोल फिरून.”

मग जो तमाशा झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. गाडी उभी होती तो मोठा बांध वेगळा, हा वाफ्यांमधला बांध होता वीतभर रुंद आणि निसरडा. सोलांज “धावत आले!” ओरडून निघाली आणि चौथ्या पावलाला बसली. उठली, डावा बूट गेला. तो काढायला वाकली तर टोपी गेली. पलीकडे आमचा एतिएन दोन्ही हात पसरून उभा. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. त्याचे हात दुखायला लागले तेव्हा त्यानं ते खाली घेतले, तर बार्ताल खेकसले, “हात वर!” पेरीनच्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. खुर्चीत बसलेल्या मादाम केर्लाझ छत्रीत तोंड लपवून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. सोलांज पोहोचली तेव्हा तिला इतका दम लागला होता की गळ्यात पडायच्या ऐवजी तिनं त्याचा खांदा धरून पाणी मागितलं.

“तो जाऊ दे तिच्याकडं,” कॅमेरावाला म्हणाला. “तो चालत जाऊ दे. पुरुष आहे, धडपडला तर फारसं कुणी हसणार नाही.”

“पण त्याला बोलावणार कोण?” बार्तालांनी डोक्याला हात लावला. “देल्मोतच्या नाटकात ती त्याला बोलावतच नाही, ती धावते! ती काय म्हणेल? अरे, काय म्हणेल ती? तासाभरात ऊन जाईल!”

तेव्हा ते झालं. सोलांज वाफ्याच्या कडेला एक बूट हातात घेऊन उभी होती. तिला काय बोलायचं ते माहीत नव्हतं, कारण कुणालाच माहीत नव्हतं. आणि बोलायचं माहीत नसलं की ती जे करते ते तिनं केलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

त्या नजरेला मी सव्वीस वर्षं ओळखते. त्या नजरेला उत्तर दिलं नाही तर पुढचा माणूस सगळ्यांसमोर बुडतो. मी वही उघडली. वहीत ‘धावत आले’ होतं, आणि ते तर आत्ताच चिखलात बसलं होतं. पुढं पान कोरं. मी मादाम केर्लाझांकडे बघितलं. त्यांनी खूण केली नाही, विनवणी केली नाही. हात मांडीवर ठेवून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या एक शब्द जरी बोलल्या असत्या तरी मी अडून बसले असते, हे त्या ओळखून होत्या.

मला वाटलं, चोरून द्यायचं नाही, हे मी म्हटलं होतं. मग उघडपणे देऊ. मी मिठाच्या ढिगामागून उठले, घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं एक वाक्य म्हटलं.

“बांधावरून या. लांब पडेल, पण बांधावरूनच या.”

पहिली बोलली ती पेरीन. “बरोबर. असंच म्हणतो की आम्ही. पाव्हण्याला दुसरं काय सांगणार?”

“कुणाचं वाक्य आहे हे?” बार्तालांनी विचारलं.

“या बसल्यात त्यांचं,” मी म्हटलं. “पुस्तकातलं. नाटकाच्याही आधीचं.”

बार्तालांनी मादाम केर्लाझांकडे बघितलं. मग त्यांनी सूर्याकडे बघितलं. “घ्या,” म्हणाले. “ती हे म्हणेल आणि कामाला लागेल. तो चालत येईल. पोहोचत आला की शेवटची दोन पावलं ती धावेल, मिठी आणि ‘आले रे’. चला, जागा घ्या!”

म्हणजे मिठी होतीच. मादाम केर्लाझांचा चेहरा पुन्हा दगड झाला. मी सोलांजला वाक्य चारदा घोकवलं आणि ढिगामागं जाऊन बसले, तोंड मिटून.

कॅमेरा सुरू झाला. पाण्यावर खरी साय धरलेली, पांढरी, थरथरती. एतिएननं हाक मारली. सोलांजनं मान वर केली, तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांत मला ती कोरी नजर दिसली. चाळणीतून वाक्य गळून गेलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मायक्रोफोन तिच्या डोक्यावर टांगलेला. तो माझा श्वाससुद्धा ऐकतो, हे मला माहीत होतं.

मी वाक्य दिलं. जेवढं हळू मला जन्मात देता आलं असेल तेवढं हळू.

तिनं ते घेतलं आणि काय म्हटलं! ना आर्जव, ना राग. दिवसभर काम केलेली बाई ज्या आवाजात बोलते त्या आवाजात. आणि पेरीननं दाखवलं होतं तशी फळी पाण्यावर टेकवून ती साय ओढायला लागली. पलीकडे एतिएन निघाला. चकचकीत बूट, अरुंद बांध. एक पाऊल, मग दुसरं. तो पहिल्या कोपऱ्यापर्यंत आला असेल नसेल, तोवर कॅमेरावाल्यानं हात वर केला. फिल्मचा डबा संपला होता.

“दुसरा भरा! लवकर!” बार्ताल ओरडले. “आता तो पोहोचतो तिथून घेऊ. झेली, तिला शेवटचं वाक्य द्या. ‘आले रे, धावत आले.’”

मी वही मिटली.

“झेली, ऐकू आलं ना?”

“आलं. ते वाक्य आता माझ्याकडून मिळणार नाही, मस्यो.”

“काय? तुमचं काम आहे ते!”

“सव्वीस वर्षं होतं. आज रोझेननं त्याला बांधावरून यायला सांगितलंय. ते सांगून झाल्यावर मी तिला धावायला लावणार नाही. मला काढून टाका. दुसऱ्या कुणाकडून घ्या ते वाक्य, मी अडवत नाही. माझ्या तोंडून नाही.”

चोपन्न वर्षांच्या बाईला दुसरं काम कोण देतं? पण मागं हटायचं नाही हे पक्कं होतं. तेवढं पक्कं मला त्या पाचव्या मजल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

बार्ताल सोलांजकडे वळले. “तुला तर पाठ आहे! दोन वर्षं म्हणतेस!”

सोलांजनं टपोरे डोळे त्यांच्याकडे वळवले. “कुठलं वाक्य?”

“‘धावत आले’!”

“नाही बाई आठवत,” ती म्हणाली. “तुम्हाला माहितीये ना, मला झेलीशिवाय काही आठवत नाही.”

“आत्ता मी सांगितलं ना!”

“हो का? गेलं बघा.”

पेरीनच्या बायकांत खसखस पिकली. कॅमेरावाल्यानं आभाळाकडे बोट दाखवलं. वाफ्यावरचं ऊन गेलं होतं आणि पाणी करडं झालं होतं. बार्ताल मटकन पेटीवर बसले. मग आवाजाच्या गाडीकडे बघून त्यांनी विचारलं, “निदान जे घेतलं ते स्वच्छ आहे का? वाक्याच्या आधी मला काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं.”

आवाजवाला दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बोलून टाकणार होते, पण त्यानंच आधी तोंड उघडलं. “वारा होता, साहेब. इथं सारखा असतो.”

डिसेंबरात गेरांदजवळच्या ल क्रुआझिक गावातल्या थेटरात रविवारी दुपारी तो बोलपट लागला. मादाम केर्लाझांनी मला पत्र धाडून बोलावून घेतलं. मी तोवर दुसऱ्या एका नाटक कंपनीत, आधीपेक्षा लहान खड्ड्यात, रुजू झाले होते. आमच्या मागच्या रांगेत पेरीन आणि तिच्या बायका होत्या. सोलांज फळी चुकीची धरते, हे त्या सबंध थेटराला सांगत होत्या.

शेवट आला. पडद्यावर साय चमकली. एतिएननं हाक मारली, रोझेननं मान वर केली. आणि मग, ती बोलायच्या आत, मला माझा आवाज ऐकू आला. एका म्हाताऱ्या बाईची कुजबुज, जेमतेम, “बांधावरून या...” आणि लगेच त्यावर सोलांजचा मोकळा आवाज चढला. थेटरातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्या आलं त्यांना वारा वाटला असेल. मी मात्र खुर्चीत चोरासारखी आकसून बसले. सव्वीस वर्षांत प्रेक्षकांना माझा आवाज ऐकू गेला नव्हता. मला लाज वाटत होती, आणि इतका आनंद होत होता की रुमाल सापडेना.

पडद्यावर रोझेन साय ओढत राहिली. तो बांधावरून चालत राहिला. दिवे लागले. कुणी पटकन उठलं नाही. पुढच्या रांगेतली एक तरुण बाई शेजारच्या पुरुषाला विचारत होती, “येतो का तो?” आणि तो म्हणत होता, “मला काय माहीत!”

मादाम केर्लाझ पडद्याकडेच बघत होत्या. त्यांनी न बघताच माझा हात धरला.

“झेलीबाई,” त्या म्हणाल्या, “वाक्य जरा उशिरा दिलंत.”

“सव्वीस वर्षं, मादाम.”

“हं. पण दिलंत.”

आणि त्यांनी हात काही सोडला नाही.